‘ध’चा ‘मा’ आणि चुकीचा दंड

मे महिन्याच्या सुटीत, नांदेडच्या उन्हाने भर दुपारी रस्ते ओस पडले असता, आमचा एक जुना विद्यार्थी हाती एक कागद घेऊन आमच्या घरी आला. हा तरुण शाळेत असल्यापासूनच तारा, बॅटऱ्या आणि मोडके रेडिओ ह्यांच्या नादी लागलेला होता. पुढे त्याने सरकारी परीक्षा दिली, हौशी बिनतारी केंद्राचा परवाना मिळविला, आणि गच्चीवर एक लांब तार ताणून तो देशोदेशींच्या लोकांशी बोलू लागला. ह्या छंदास ‘हॅम रेडिओ’ म्हणतात, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच. ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस हॅम मंडळींची जी मोठी जागतिक स्पर्धा होते, तीत त्याने प्रथमच भाग घेतला होता. हातातील कागद हा त्या स्पर्धेच्या तपासनिसांचा निकाल होता.

तो म्हणाला, “सर, माझ्या चार नोंदी चुकीच्या ठरल्या. त्या चार नोंदींचे गुण मिळाले नाहीत, ह्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु दर चुकीमागे आणखी दुप्पट गुण कापले आहेत. मी काही चोरी केली नाही. नुसता ऐकण्यात चुकलो. एवढ्यासाठी हा दंड न्याय्य आहे काय?”

त्या दिवशी आम्ही त्यास लगेच उत्तर दिले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर चटकन सुचते ते बहुधा आपल्या सवयीचे उत्तर असते, विचाराचे नसते. आज ह्या प्रश्नास हात घालण्याचे कारण असे की, तो त्या एकट्या तरुणाचा प्रश्न नव्हे. नांदेड आणि लातूर ही दोन शहरे आज परीक्षांची शहरे झाली आहेत. खेड्यापाड्यांतून हजारो मुले येथे खोल्या घेऊन राहतात, आणि ‘निगेटिव्ह मार्किंग’ हा शब्द ज्या घरात ठाऊक नाही असे घर आमच्या पालकांत विरळाच सापडेल. चुकीला दंड असावा काय, असल्यास किती, आणि तो कोणी भरावा, हा विषय आपल्या सर्वांच्या घरचा आहे.

प्रथम ही स्पर्धा कशी असते ते पाहू. ती अठ्ठेचाळीस तास चालते. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाच वाजता आरंभ, आणि सोमवारी पहाटे साडेपाच वाजता शेवट. एवढ्या वेळात जगातील जितक्या केंद्रांशी संपर्क साधता येईल तितका साधावयाचा. प्रत्येक केंद्रास सरकारकडून एक हाकेचे नाव मिळालेले असते. त्यास कॉल-साइन म्हणतात. भारतातील पुष्कळ केंद्रांची नावे ‘व्ही यू’ ह्या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात. दोघांनी एकमेकांची नावे व ठरलेले आकडे सांगावयाचे, ऐकावयाचे आणि आपापल्या नोंदवहीत लिहावयाचे. दुसऱ्या खंडातील केंद्राशी बोलणे झाले तर तीन गुण. आपल्याच खंडातील परंतु परदेशी केंद्र असल्यास एक गुण. जितके निरनिराळे देश व विभाग गाठले, त्यांच्या संख्येने शेवटी गुणांस गुणावयाचे. स्पर्धा संपल्यावर सर्वांनी आपल्या नोंदवह्या पाठवावयाच्या, आणि मग संगणकाच्या साहाय्याने ह्याची वही त्याच्या वहीशी ताडून पाहिली जाते.

ताडून पाहता दोन प्रकारचे दोष मुख्यत्वे आढळतात. एक, समोरच्याचे नाव चुकीचे लिहिले गेले. दुसरा, आपण ज्याचे नाव लिहिले त्याच्या वहीत आपला पत्ताच नाही. दोन्ही प्रकारांत नोंद रद्द होते, आणि तिच्या गुणांच्या दुप्पट गुण वर आणखी कापले जातात. एकाच केंद्राची नोंद विसरून दोनदा झाली तर तीबद्दल मात्र दंड नाही. ती केवळ धरली जात नाही. म्हणजे निष्काळजीपणाच्या सर्वच प्रकारांस ही मंडळी एका काठीने हाकीत नाहीत. खोटी ठरणारी नोंद तेवढी ते दंडास पात्र समजतात.

आता ऐकण्यात चूक होणे किती सोपे आहे हेही लक्षात घेतले पाहिजे. मॉर्सच्या लिपीत ‘व्ही’ म्हणजे तीन टिंबे व एक रेघ, आणि ‘यू’ म्हणजे दोन टिंबे व एक रेघ. विजेच्या कडकडाटात एक टिंब बुडाले की ‘व्ही’चा ‘यू’ झाला. आमच्या मराठीत तरी निराळे काय आहे? घाईने लिहिलेल्या कागदावर ‘घ’ कोठला आणि ‘ध’ कोठला, ‘भ’ कोठला आणि ‘म’ कोठला, हे ओळखता ओळखता पेपर तपासणारा शिक्षक टेकीस येतो.

एका अक्षराने काय होते, हे मराठी मनुष्यास निराळे सांगावयास नको. इ. स. १७७३ साली पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ ह्या आज्ञेतील ‘ध’ काढून तेथे ‘मा’ घातला गेला, अशी त्या प्रसंगाची आख्यायिका आहे, आणि तीवरून ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपल्या भाषेत रूढ झाला. आख्यायिकेतील ती लबाडी होती, चूक नव्हती, असे कोणी म्हणेल. आणि आमच्या तरुण मित्राचेही म्हणणे हेच होते. परंतु कागद हाती घेणाऱ्यास हा भेद कसा कळावा? अक्षर मुद्दाम बदलले की नकळत बदलले, हे कागदावर उमटत नाही. हजारो वह्या तपासणाऱ्या मनुष्यास लिहिणाऱ्याचे मन दिसत नाही, फक्त अक्षर दिसते. म्हणून तो हेतूचा न्याय करीत नाही, अक्षराचा करतो. हे कठोर आहे, पण अन्यायाचे नव्हे.

तथापि दुप्पटच का? येथे थोडे गणित केले पाहिजे, आणि ते आमच्या सहावीतील मुलांसही समजेल. समजा, तीन-तीन गुणांच्या तीन संशयित नोंदी एखाद्याने लिहिल्या. त्यांपैकी दोन खऱ्या निघाल्या, एक खोटी निघाली. दोहोंचे गुण सहा मिळाले. एकीचा दंड सहा झाला. हाती शून्य. म्हणजे तीन वेळांपैकी दोन वेळा तरी आपण बरोबर असू असा भरवसा वाटत नसेल तर लिहू नका, असे हा नियम सांगतो. आता वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा नियम पाहा. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास उणे एक. पाच उत्तरांपैकी एक बरोबर व चार चूक निघाली, तर चार मिळाले आणि चार गेले. हाती शून्य. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत एका चुकीस एकतृतीयांश गुण कापतात. तेथे चारांत एक बरोबर आले तर हिशोब शून्यावर येतो. आणि आपल्या राज्याच्या ‘सीईटी’त चुकीस दंडच नाही.

ह्या चार नियमांवरून एक गोष्ट उघड होते. दंडाचा आकडा म्हणजे रागाचे माप नव्हे. बोलण्यापूर्वी मनुष्याची किती खात्री असली पाहिजे, ह्याचे ते माप आहे. बिनतारीवाले म्हणतात, तीनांत दोन इतकी खात्री हवी. लोकसेवा आयोग म्हणतो, चारांत एक पुरे. ‘नीट’ तर पाचांत एकावर भागविते. ही मापे निरनिराळी का असावीत, हाच खरा प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर आम्हांस पुस्तकात सापडले नाही. ते आम्हांस लातूरच्या एका जुन्या आठवणीत सापडले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी आम्ही लातूरास सातव्या इयत्तेत शिकत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून गाव नुकतेच निजले होते. पहाटे चार वाजावयास चार मिनिटे असता जमीन हादरली. आमच्या गल्लीतील माणसे लेकरांस उचलून रस्त्यावर आली, आणि उजाडेपर्यंत कोणी घरात गेले नाही. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत काय झाले हे दिवस वर आल्यावर कळू लागले. दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गेली होती.

आमच्या शेजारच्या काकूंचे माहेर त्याच बाजूस होते. त्यांनी दोन दिवस अन्नास स्पर्श केला नाही. तिसऱ्या दिवशी मदतीस गेलेल्या एका मनुष्याने वाचलेल्या लोकांची नावे लिहिलेली चिठ्ठी आणली. तीत काकूंच्या भावाचे नाव होते, बापाचे नाव होते, आडनाव होते. काकू रडल्या, उठल्या, त्यांनी चूल पेटविली, आणि त्या रात्री त्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी कळले की तो मनुष्य निराळा. नाव तेच, बापाचे नाव तेच, गाव दुसरे. चिठ्ठीत गाव लिहावयाचे राहिले होते.

ती चिठ्ठी लिहिणारा लबाड नव्हता. तोही कित्येक रात्री झोपला नसावा, आणि ढिगाऱ्याच्या कडेस उभा राहून त्याने ती नावे टिपली असावीत. त्यास कोणी शब्दही बोलले नाही. बोलावयास नकोच होते. परंतु त्या चुकीचा दंड भरला गेलाच. तो काकूंनी भरला.

तेव्हापासून आमची अशी समजूत झाली आहे की, चुकीस दंड असावा की नसावा, हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. चुकीचा दंड कोणी ना कोणी भरीतच असतो. आपल्या हाती एवढेच असते की, तो कोणी भरावा हे ठरवावे. लिहिणाऱ्याने आधी थोडा भरला, तर ऐकणाऱ्यास पुढे फार भरावा लागत नाही.

हॅम मंडळींचा छंद हा नुसता खेळ नाही, ही गोष्ट ह्याच भूकंपात दिसून आली. भूकंपानंतर हॅम मंडळी ह्या भागात आली आणि बिनतारीवरून निरोप पोचविण्याचे काम त्यांनी केले. पुढे २००४ साली डिसेंबरात हैदराबादच्या हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद ह्या अंदमानातून जगाशी संपर्क साधण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. जाण्याचा उद्देश हौसेचा. परंतु २६ डिसेंबरला भूकंप आणि सुनामी आली, आणि हौसेसाठी नेलेले तेच यंत्र बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीस कळविण्याच्या कामी आले. आदल्या दिवशी जो कान खेळासाठी लावला होता, तोच दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी भावाचे नाव ऐकण्यास लागला. कानास जी सवय खेळात लागली असेल तीच त्या दिवशी बरोबर येते. म्हणून ज्याची नोंद दुसरा कोणी खरी मानून चालणार आहे, त्याच्याकडून तीनांत दोन इतकी खात्री मागणे आम्हांस जाचक वाटत नाही.

ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो आम्ही हलका समजत नाही. उंच मनोरे आणि मोठाली यंत्रे असलेल्या श्रीमंत केंद्रास स्वच्छ ऐकू येते. नांदेडच्या गच्चीवरील तारेस खरखर अधिक ऐकू येते. दोघांस सारखाच दंड म्हणजे दुबळ्यास अधिक दंड, असे कोणी म्हणेल. हे खरे आहे. परंतु ह्या खेळात दुबळ्याच्या हाती एक उपाय नेहमी असतो. “पुन्हा सांगा” असे म्हणण्यास कोणी गुण कापीत नाही. चार-सहा सेकंद जातात, एवढेच. दंड भारी असल्यामुळे विचारणे स्वस्त पडते आणि अंदाज महाग पडतो. ज्या नियमामुळे मनुष्य विचारू लागतो तो नियम एकंदरीत चांगलाच म्हटला पाहिजे.

परंतु जेथे विचारण्याची सोय नाही, किंवा जेथे चुकीची झळ शिकणाऱ्यावाचून दुसऱ्या कोणास लागत नाही, तेथे हेच माप लावणे अन्यायाचे होईल. ह्याचा अनुभव आम्ही स्वतःच्या हाताने घेतला आहे. नवे शिक्षक असता शुद्धलेखनाचा आम्हांस फार अभिमान असे. निबंधातील दर अशुद्ध शब्दामागे आम्ही अर्धा गुण कापीत असू. वर्षअखेर चुका खरोखरच कमी झाल्या, आणि आम्ही आपली पाठ थोपटून घेतली. मग एके दिवशी वर्गातील एका हुशार मुलीच्या दोन वह्या, जूनमधील आणि मार्चमधील, आम्ही शेजारी ठेवून वाचल्या. जूनमधील निबंधात नदी होती, पूर होता, आजीच्या ओव्या होत्या, आणि अकरा चुका होत्या. मार्चमधील निबंधात एकही चूक नव्हती, आणि दुसरेही काही नव्हते. जे शब्द तिला खात्रीने लिहिता येत होते तेवढ्यांतच तिने आपले मन कोंडून घेतले होते. त्या दंडाने आम्ही तिला शुद्ध लिहिण्यास शिकविले नव्हते. लिहावयाचे टाळण्यास शिकविले होते. त्या दिवसापासून आम्ही निबंधातील चुकीखाली रेघ मारतो, गुण कापीत नाही.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे. ज्या चुकीची झळ दुसऱ्यास लागते तिचा दंड जड असावा. जी केवळ शिकणाऱ्याची आहे तिचा हलका असावा, किंवा नसावाच. दंड आधी जाहीर असावा. प्रामाणिकपणे कोऱ्या सोडलेल्या ओळीस दंड नसावा. आणि ज्याने चूक केली त्यानेच तो भरावा, दुसऱ्याने नव्हे.

ह्या शेवटच्या कसोटीस मात्र त्या जागतिक स्पर्धेचा नियम उतरत नाही, असे आम्हांस वाटते. नाव चुकीचे लिहिल्याचा दंड लिहिणाऱ्यास होतो, हे ठीक. परंतु समोरच्याच्या वहीत आपले नाव नसेल तर दंड आपणांस का? समजा, आमच्या तरुण मित्राने एका केंद्राशी बोलणे केले, नाव बरोबर लिहिले. पलीकडच्या मनुष्यास ह्याचे नाव नीट ऐकू आले नाही. तो प्रामाणिक होता, म्हणून त्याने ती नोंद वगळली. त्याच्या कोऱ्या ओळीबद्दल त्यास दंड नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कोऱ्या ओळीचा दंड भरावा लागतो आमच्या मित्रास. नियमकर्ते म्हणतील की, समोरचा आपणांस उत्तर देत आहे अशा भ्रमाने पुष्कळ लोक नोंद करतात, आणि हा दंड नसेल तर काल्पनिक नोंदींस ऊत येईल. भ्रम होतो हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोष दोहोंपैकी कोणाचा हे जेथे ठरविता येत नाही, तेथे नोंद रद्द करावी आणि तेवढ्यावर थांबावे. संशयाचा फायदा द्यावा, हा न्याय गावच्या पंचांसही ठाऊक आहे. ज्याच्या वहीत असल्या नोंदी रास पडून आढळतील त्याची निराळी चौकशी खुशाल करावी.

आता पालकांस दोन शब्द. ‘नीट’च्या दंडाचे भय घेऊन पुष्कळ मुले जे अर्धे येत असते तेही सोडून येतात, आणि घरी आल्यावर ‘चुका किती केल्यास’ ह्याच प्रश्नाने त्यांचे स्वागत होते. वर दिलेला हिशोब पुन्हा पाहावा. चार पर्यायांपैकी एक पर्याय खात्रीने चूक आहे एवढे ज्यास कळले, त्याची बाजू तीनांत एक इतकी झाली. आणि परीक्षा तर पाचांत एकच मागते. त्या मुलाने उत्तर लिहिले तर तो जुगार नव्हे. त्या परीक्षेचा दंड नीतीचा नाही, निवडीचा आहे. तेव्हा मुलास गेलेल्या गुणांचा जाब विचारण्याऐवजी एवढेच विचारावे, ‘हे तुला ठाऊक होते, की वाटले होते?’ ‘ठाऊक असणे’ आणि ‘वाटणे’ ह्यांतील अंतर ज्यास स्वतःशी कबूल करता येऊ लागले, त्याचे शिक्षण बरेचसे झाले. उद्या हाच मुलगा डॉक्टर होऊन औषधाचे प्रमाण लिहील. तेथे तीनांत दोन ही खात्रीही पुरणार नाही; आणि तेथील दंड तो स्वतः भरणार नाही.

आमचा तरुण मित्र जूनमध्ये पुन्हा आला तेव्हा आम्ही दोघांनी त्याच्या कागदावरील चारही नोंदी एकेक करून पाहिल्या. तीन ठिकाणी नावातील अक्षर चुकले होते. चौथ्या ठिकाणी नाव बरोबर होते. पलीकडच्या वहीत ह्याचेच नाव नव्हते. आम्ही त्यास सांगितले, “तीन दंड न्यायाचे, चौथा अन्यायाचा. चौथ्याबद्दल स्पर्धेच्या मंडळास अवश्य लिही. पत्र सभ्य शब्दांत असावे.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, त्या तिघांपैकी एक नाव मला नीट ऐकू आलेच नव्हते. दोनदा विचारले होते. तिसऱ्यांदा विचारावयास लाज वाटली.”

आम्हांस त्या वेळी शेजारच्या काकूंची पेटलेली चूल आठवली. त्यास आम्ही एवढेच म्हणालो, “बाळ, तिसऱ्यांदा विचारीत जा.”